हातातला दगड चर्ट आहे का, कसं ओळखायचं

आधीच सांगतो, रंगावर जाऊ नका. चर्ट राखाडी, काळा, तपकिरी, पांढरट कसाही असतो. लोखंडाच्या ऑक्साइडमुळे लाल झाला की त्याला जास्पर म्हणतात, आणि खडूच्या थरात सापडणारे गडद गोळे म्हणजे फ्लिंट, चकमकीचा दगड. नावं वेगळी पण माल एकच, क्वार्ट्झचे इतके बारीक कण की साध्या भिंगातूनही सुटे दिसत नाहीत.

दगड धुवा आणि फुटलेली बाजू शोधा. चर्ट फुटतो तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, गुळगुळीत, खोलगट, वर बारीक लाटा, आणि चमक मेणासारखी. काचेसारखा लखलखत असेल तर ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची शंका घ्या, साखरेसारखे दाणे चमकत असतील तर क्वार्टझाइट, म्हणजे घट्ट झालेला वालुकाश्म. फोडून बघायचा असेल तर गॉगल घालाच, कपच्या ब्लेडसारख्या उडतात, अश्मयुगात हत्यारं काय उगाच यातून करत नव्हते!

मग चाकूचं टोक दाबून ओढा. इथेच बरेच जण फसतात, राखाडी रेघ उमटते आणि वाटतं दगडाला ओरखडा गेला. रेघेवरून नख फिरवा, खाच लागली नाही तर ती चाकूचीच झीज आहे. आता दगडाची कड टाकाऊ बाटलीवर घासा, खाच पडायला हवी, कारण मोह्स स्केलवर, म्हणजे खनिजांचा कठीणपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मापावर, चर्ट 7 च्या आसपास आणि काच साधारण 5.5.

शेवटी व्हिनेगर. चुनखडक फसफसतो, चर्ट ढिम्म. फक्त थेंब ताज्या फुटीवर टाका, बाहेरची साल कधीकधी चुनखडीची असते आणि ती फसफसली की चांगला चर्ट आपण फेकून देतो.

आता चर्टमधली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनतं तो पदार्थ, येते कुठून? बऱ्याचदा रेडिओलेरिया, डायटम असल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांतून आणि स्पंजच्या काट्यांतून. मेल्यावर ते समुद्रतळाशी साचतात, त्यांच्या कवचांतलं ओपल, म्हणजे पाणी धरलेली सिलिका, हळूहळू विरघळतं आणि परत क्वार्ट्झ होऊन घट्ट बसतं. थर साचले तर पट्ट्यांचा चर्ट, चुनखडकात शिरून त्याची जागा घेतली तर गोळे. सगळाच चर्ट असा होत नाही म्हणा, कॅनडातला गनफ्लिंट चर्ट जवळपास 188 कोटी वर्षांचा, रेडिओलेरियांच्या कितीतरी आधीचा, आणि त्यात तेव्हाचे सूक्ष्मजीव अजून दिसतात.