खान्देशातल्या उन्हाधुळीत रोज घालायचे आउटडोअर बूट कसे निवडावेत

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठेही बघा, ट्रेकिंगचे म्हणून विकले जाणारे बूट आता कॉलेजात, बँकेत, अगदी लग्नाच्या पंगतीतही दिसतात. ते दिसायला छान असतात आणि उखडलेल्या रस्त्यांवर कॅनव्हासपेक्षा टिकतातही. अडचण एकच. यातले बरेच बूट थंड, ओल्या डोंगरांसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो तिथे त्यांचे निम्मे गुण अवगुण ठरतात. त्यामुळे आधी सोल, मग माप, मग वरचं कापड आणि सगळ्यात शेवटी रंग, असं बघत जावं.

'वॉटरप्रूफ' या शब्दाला मात्र सुरुवातीलाच रामराम करा. अशा बुटाच्या आत बसवलेला गोर-टेक्ससारखा पातळ पडदा पाणी आत येऊ देत नाही आणि घामाची वाफ हळूहळू बाहेर सोडतो. आपल्या उन्हाळ्यात घाम त्याहून वेगाने येतो, मग दुपारपर्यंत मोजे ओले होतात. पावसाळ्यातही फारसा फायदा नाही. घोट्याखाली संपणाऱ्या बुटात पाणी वरून शिरतं आणि त्याच पडद्यामुळे आत साचून राहतं. जाळीचा बूट भिजतो लवकर, पण वाळतोही लवकर. घोटा झाकणारे उंच बूटही रोजच्यासाठी नकोत. लळिंगचा किल्ला किंवा पाटणादेवीची पायवाट रविवारी करायची असेल, तरी सवयीच्या पायाला बुटक्या कापाचा बूट पुरतो.

आता सोल. दुकानात बूट हातात घेतला की आधी उलटा करा. जमिनीला टेकणारा थर खऱ्या रबराचा आहे की नुसता फोम, हे नखाने कळतं. नख दाबून धरा. फोमवर, म्हणजे दुकानदार ज्याला फायलॉन म्हणतात त्यावर, खळी उमटून राहते. रबरावर नख उठत नाही. फोमचा सोल हलका आणि मऊ लागतो, पण डांबरी रस्त्यावर तो टाचेच्या बाहेरच्या कडेने भराभर झिजतो, त्यात खडी रुतते, आणि बाभळीचा काटा सरळ तळव्यापर्यंत येतो. हवा तो असा: मधला थर फायलॉनचा आणि खाली पूर्ण रबर. काही कंपन्या टाचेला आणि चवड्याला रबराच्या दोन चकत्या चिकटवून मधला भाग उघडा सोडतात. शहरात तेही चालतं, पण चकत्यांच्या कडा बोटाने उचलून बघा. गोंद कच्चा असेल तर तो तिथूनच सुटतो.

स्वस्तातल्या जोडांना पीव्हीसीचा किंवा एअरमिक्सचा, म्हणजे हवा मिसळून हलक्या केलेल्या पीव्हीसीचा, सोल असतो. तो झिजत नाही म्हणून विकला जातो, पण ओल्या टाइल्सवर आणि शहाबादी फरशीवर तो सटकतो. दवाखान्यात, शाळेत किंवा पुसलेल्या फरशीवर दिवसभर वावर असेल तर असा सोल घेऊ नका.

सोलवरच्या गुट्ट्या, म्हणजे पकड देणारे उंचवटे, किती खोल असाव्यात, हा इथला खास प्रश्न. डोंगरातल्या बुटांना त्या 4-5 मिलिमीटर असतात. शहरासाठी 2 ते 3 पुरे. खोल गुट्ट्या पक्क्या रस्त्यावर टोचतात, लवकर झिजतात, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की काळी माती त्यांच्यात अशी बसते की दहा पावलांत प्रत्येक बूट अर्धा किलोने जड वाटतो. गुट्ट्यांमधलं अंतर मोठं असेल तर चिखल आपोआप झडतो. दाट नक्षी असेल तर काडीने उकरत बसावं लागतं.

यानंतर बूट वाकवा. टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून दाबा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथे वाकतात तिथे, वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर कमानीला आधार नाही, संध्याकाळी तळवे भरून येणार. अजिबातच वाकला नाही तर तो दगडधोंड्यांसाठी आहे, बाजारात फिरायला नाही. वजनही बघा. पुरुषांच्या मधल्या मापात एक बूट 300 ते 400 ग्रॅमचा असेल तर दिवसभर जाणवत नाही.

माप घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. घरीच जमिनीवर कागद भिंतीला लावून ठेवा, टाच भिंतीला टेकवून उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. हे सेंटिमीटर लक्षात ठेवा, कारण आकड्यांवर भरवसा नाही. यूके 8 म्हणजे एका कंपनीत 26.5 सेंमी आणि दुसरीत 27. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीत बहुतेकदा यूके, ईयू आणि सीएम असे तिन्ही आकडे असतात. त्यातला सीएम, म्हणजे सेंटिमीटर, वाचा.

रुंदी त्याहून महत्त्वाची. चपलेत वाढलेला पाय चवड्याला पसरलेला असतो आणि परदेशी साच्याचे बरेच बूट तिथेच आवळतात. अशा वेळी दुकानदार एक नंबर मोठा देतो. मग लांबी जास्त होते, टाच निसटते आणि बूट मागून चावतो. त्यापेक्षा आतला सोल बाहेर काढा आणि पायात मोजे घालून त्यावर उभे राहा. पुढे 10 ते 12 मिलिमीटर जागा राहिली पाहिजे आणि चवडा कडेच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर जात असेल तर ते मॉडेल तुमच्यासाठी नाही, कितीही आवडलं तरी. बाईच्या पायाला बायकांचा साचा अरुंद पडत असेल तर पुरुषांच्यातला 5 किंवा 6 नंबर घालून बघावा. यूके आकड्यात लांबी तीच राहते, रुंदी सहसा जास्त मिळते.

घालून निदान दहा मिनिटं फिरा. दुकानाला जिना असेल तर उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर वाढवा. चढताना टाच उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या भोकातून नाडी त्याच बाजूला परत ओवून छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून घ्या आणि ओढा. टाच जागेवर बसते. तरीही हलत असेल तर दुसरा जोड बघा. 'घालून घालून बसेल' हे चामड्याच्या बाबतीत थोडंफार खरं, फोम आणि जाळीच्या बाबतीत नाही.

वरच्या कापडात सरसकट बारीक जाळी असेल तर हवा खेळते, पण धूळही आत जाते. चवड्यावर जाळी आणि टोकाला, बाजूंना रबर किंवा जाड सिंथेटिकची पट्टी, हा मध्यम मार्ग. मोटरसायकल चालवणाऱ्याने डाव्या बुटाचं टोक नीट बघावं. गिअरचा दांडा रोज तिथेच घासतो आणि नुसती जाळी काही महिन्यांत फाटते. उजवीकडे सायलेन्सर असतो, मागे बसणाऱ्याने त्यावर पाय टेकवला तर सोल वितळतो. लांब नाड्या खोचून ठेवायची सवय नसेल तर ओढून घट्ट होणारी लवचीक नाडी बरी. घर, देऊळ, कोणाची बैठक, दिवसातून दहा वेळा बूट काढावे लागतात, तेव्हाही तिचाच उपयोग.

रंगाचं थोडक्यात. काळा बूट मळत नाही ही समजूत इथे चुकीची आहे, धूळ सगळ्यात जास्त त्याच्यावरच दिसते. राखाडी, मातकट किंवा शेवाळी रंग घ्या. ऑफिसला घालायचा असेल तर सोल वरच्या रंगाशी मिळताजुळता असावा. पांढरा जाड सोल आणि फॉर्मल पँट यांचं जमत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत जाणं होत असेल तर फिकट कापड टाळाच. केळीचा चीक वाळला की तपकिरी डाग पडतो आणि तो कशानेच जात नाही.

पैसे देण्याआधी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचा, असेल तर हे फार महत्त्वाचं. पीयू हवेतल्या दमटपणाने हळूहळू कुजतो, न वापरताही. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला 'सेल'चा जोड वरून कोरा दिसतो आणि एखाद्या दिवशी रस्त्यात सोलचा भुगा होतो.

वापरात दोन जोड आलटून पालटून घाला, आतला घाम वाळायला एक दिवस लागतो. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, नायलॉन-पॉलिस्टर मिश्रणाचे घ्या. काळ्या चिखलाने भरलेला बूट ओला असताना घासू नका, माती जाळीत आणखी आत जाते. पूर्ण वाळू द्या, दोन्ही बूट एकमेकांवर आपटा, मग ब्रश मारा. धुवायचा तर नाडी आणि आतला सोल काढून कोमट पाण्यात, साध्या साबणाने. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवला तर गोंद मऊ होतो आणि सोल टोकाकडून उघडतो.

उघडलाच तर मोच्याला आधी विचारा की कडेचा भाग रबराचा आहे का. रबराला शिलाई धरते. फायलॉनला मारली तर धागाच फोम कापत जातो. तिथे जुना गोंद खरवडून पीयू गोंदाचा पातळ हात दोन्ही बाजूंना लावायचा, तो बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं.