रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी : परवानगी आणि वाहतूक नियंत्रणातील या चुका टाळा

पुण्यात रस्त्यालगतची एखादी धोकादायक फांदी उतरवायची असली, की महापालिकेच्या उद्यान विभागाचे पत्र हाती आले म्हणजे काम मार्गी लागले, असे बहुतेक सोसायट्यांचे पदाधिकारी आणि ठेकेदार धरून चालतात. ते पत्र झाडापुरते असते. फांदी खाली येताना किती रस्ता अडणार, तो किती वेळ बंद राहणार आणि वरून जाणाऱ्या वीजवाहिनीचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कार्यालयांत मिळवावी लागतात. ती न मिळवता काम सुरू केले की ऐन वेळी क्रेन उभी राहते आणि पोलीस काम थांबवतात. त्याहून वाईट म्हणजे, खालून जाणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

पहिली चूक अर्जापूर्वीच होते. झाड कोणाच्या हद्दीत आहे हे बुंध्यावरून ठरवावे, फांदी कुठे पोहोचली आहे यावरून नव्हे. बुंधा सोसायटीच्या आवारात असेल, तर फांद्या रस्त्यावर आल्या असल्या तरी अर्ज सोसायटीनेच करायचा. बुंधा पदपथावर असेल, तर ते झाड महापालिकेचे असते आणि गच्चीला टेकणारी फांदीही रहिवाशांना परस्पर तोडता येत नाही. तिथे छाटणीची मागणी क्षेत्रीय कार्यालयाकडे करावी. पुणे आणि खडकी कटक मंडळांचा (कँटोन्मेंट बोर्डांचा) कारभार महापालिकेपासून वेगळा आहे, पिंपरी-चिंचवडची महापालिका स्वतंत्र आहे आणि बाह्यवळण मार्गासारखा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहतो आणि तेवढ्यात पावसाळा येऊन ठेपतो.

दुसरी चूक म्हणजे छाटणीची परवानगी घेऊन झाड बोडके करणे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 मध्ये झाड तोडण्याच्या व्याख्येत ते जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे, हे सगळे येते. त्यामुळे ‘आम्ही तोडले नाही, फक्त छाटले’ हा खुलासा टिकत नाही. अर्जात ‘झाड धोकादायक आहे’ एवढेच लिहून भागत नाही. कोणती फांदी, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या बाजूला झुकलेली, बुंध्याचा घेर किती, फांदीच्या बेचक्यात चीर किंवा कुजलेला भाग दिसतो का, हे लिहावे आणि त्या फांदीवर खूण केलेले छायाचित्र जोडावे. असा अर्ज असला की स्थळपाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णय देणे सोपे जाते, आणि पुढे कोणी तक्रार केली तर परवानगीपेक्षा जास्त कापले नाही हे दाखवताही येते. संपूर्ण झाड काढायचे असेल, तर कायद्यानुसार वृत्तपत्रातून जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते आणि परवानगी मिळाल्यानंतरही 15 दिवस थांबावे लागते. ही नोटीस खिळा ठोकून लावू नये. सुतळीने बांधली तरी ती तितकीच वाचली जाते.

रस्त्याच्या परवानगीचा विचार बहुतेकांना शेवटी सुचतो, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. वाहतूक वळवायची किंवा रस्ता बंद ठेवायचा असेल, तर शहर वाहतूक पोलिसांचा आदेश लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 आणि 116 खाली असे आदेश निघतात. विभागातील ओळखीच्या हवालदाराला तोंडी सांगून ठेवणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही, कारण त्या दिवशी त्यांची नेमणूक दुसऱ्या चौकात असू शकते. अर्जासोबत साधा नकाशा द्यावा आणि त्यात क्रेन कुठे उभी राहील, फांद्या कुठे पडतील, उरलेल्या रस्त्याची रुंदी किती, पीएमपीच्या बस तेवढ्या जागेतून वळतील का, जवळ शाळा किंवा रुग्णालय आहे का, हे दाखवावे. पालखी आणि गणेशोत्सवाचे दिवस टाळावेत.

तारखेची एक अडचण पुण्यात हमखास येते. वाहतुकीच्या दृष्टीने रविवारची सकाळ सोयीची, तर वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामे प्रामुख्याने गुरुवारी होतात. दोन्ही तारखा जुळल्याशिवाय ठेकेदाराला दिवस देऊ नये. महावितरणशी बोलून वीजपुरवठा बंद करण्याची वेळ आधी निश्चित करावी आणि मगच त्या दिवसासाठी वाहतूक पोलिसांकडे अर्ज करावा, हा क्रम मला अधिक व्यवहार्य वाटतो. रस्ता अर्धा उघडा ठेवून काम करता येते, पण वाहिनीत वीज असताना तिच्याजवळची फांदी कापता येत नाही. परिसरातील दिवे गेले म्हणजे वाहिनी बंद झाली असे समजू नये. महावितरणच्या कर्मचाऱ्याने जागेवर येऊन वाहिनी बंद असल्याची खात्री करून दिल्यावरच माणूस वर चढवावा.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे झाडाखाली वाहतुकीचे दोन कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवून रस्ता सुरक्षित झाला असे मानणे. ताशी 40 किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी एका सेकंदाला सुमारे 11 मीटर पुढे जाते. चालकाला कोन दिसून त्याने ब्रेक दाबेपर्यंत ती 20 मीटरहून अधिक अंतर कापून झाडाखाली पोहोचलेली असते. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी 55 या मार्गदर्शक पुस्तिकेत आधी पूर्वसूचनेचा पट्टा, मग वाहने हळूहळू एका बाजूला घेणारा तिरका पट्टा, त्यानंतर कामाची जागा आणि शेवटी वाहतूक पुन्हा पूर्ववत होण्याचा पट्टा, अशी रचना सांगितली आहे. ‘काम चालू आहे’ हा फलक वळणाच्या अलीकडे लावावा, पलीकडे लावून उपयोग नाही. जंगली महाराज रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावरही फलक आणि माणूस दोन्ही टोकांना असावा, कारण उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी ही इथली रोजची वस्तुस्थिती आहे.

पादचाऱ्यांचा विचार तर नकाशातही फारसा दिसत नाही, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. पदपथ बंद केला की ज्येष्ठ नागरिक आणि दप्तर घेतलेली मुले थेट वाहनांच्या मधून चालू लागतात. त्यांच्यासाठी बॅरिकेडच्या आतून वेगळी वाट द्यावी, आणि ती शक्य नसेल तर समोरच्या पदपथावर नेऊन सोडणारा माणूस उभा करावा. झेंडा दाखवणाऱ्या माणसाकडे दोर ओढण्याचे काम देऊ नये; फांदी सुटण्याच्या क्षणी त्याची नजर वर जाते आणि रस्ता मोकळा सोडला जातो.

फांदी कापण्याच्या पद्धतीचाही रस्त्याशी थेट संबंध आहे. जड फांदी वरूनच कापत गेल्यास ती अर्ध्यावर मोडते, साल बुंध्यापर्यंत सोलत नेते आणि कुठल्या बाजूला झोका खाईल याचा नेम राहत नाही. आधी खालून छोटा काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी दोराने उतरवावी आणि उरलेला खुंट शेवटी बुंध्याजवळच्या फुगीर कडेच्या बाहेर कापावा. चढण्यापूर्वी घरटी पाहावीत. वर्षावृक्षांवर (रेन ट्री) बगळे आणि वंचक पावसाळ्यात वीण करतात, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार घरट्यांना व अंड्यांना इजा करणे गुन्हा ठरू शकते.

सकाळी खाली गाडी उभी सापडली आणि मालक मिळाला नाही, तर तिच्यावर ताडपत्री टाकून काम रेटू नये. वाहतूक पोलिसांकरवी ती हलवून घ्यावी. त्यासाठी दोन दिवस आधी त्या जागी तारीख व वेळ लिहिलेला फलक लावलेला असावा. फांदी दुसऱ्या फांदीत अडकून लोंबकळत राहिली, तर ती मोकळी होईपर्यंत रस्ता उघडू नये, मग आदेशातील वेळ संपत आली तरी. अशा वेळी बंदोबस्तावरील अधिकाऱ्याला कळवून मुदत वाढवून घ्यावी. वादळात झाड पडून वाट अडली असेल, तर 101 वर अग्निशमन दलाला कळवावे आणि विजेच्या तारा अडकल्या नाहीत याची खात्री होईपर्यंत कोणीही पानालासुद्धा हात लावू नये.

काम आटोपल्यावर फांद्या रात्रभर रस्त्याकडेला ठेवू नयेत. भुसा झाडून घ्यावा, कारण पावसाच्या पहिल्या सरीबरोबर तो डांबरावर निसरडा होतो, आणि फलक व कोन रस्ता स्वच्छ झाल्यानंतरच उचलावेत.