गळाला गांडूळ लावताना एवढं बघा

गांडूळ घ्यायचं तर शेणखताच्या उकिरड्याच्या कडेचं नाहीतर केळीच्या बुडातल्या ओल्या मातीतलं घ्या, बोट लावल्या लावल्या वळवळलं पाहिजे. सुस्त पडलेलं, पांढरट झालेलं लगेच बाजूला काढा. डब्यात पाणी अजिबात भरायचं नाही, जिथनं काढली तिथलीच ओलसर माती टाका, झाकणाला भोकं पाडा आणि वर ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवा, उन्हात राहिली की तासाभरात मऊ पडून वास मारतात आणि मग गळावर टिकतच नाहीत.

लावताना हातातनं निसटतं म्हणून बोटांना थोडी कोरडी माती चोळा. चिलापी (तिलापिया) मासळीचं तोंड लहान असतं, तिला बारीक गळ आणि अर्धंच गांडूळ, टोक झाकेल असं ओवायचं, नाहीतर नुसती शेपटी तोडून पळते बघा! शिंगट्याला, म्हणजे मिशावाल्या माशाला, मात्र अख्खं लावा, शेवटचं नखभर मोकळं सोडा, ते हलत राहतं त्यावरच तो येतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तर दोरीला शिशाचं वजन लावून गळ तळालाच सोडा, तिथे मासा वासावर येतो. आणि दहा-पंधरा मिनिटांनी वर काढून बघत जा, धुवून फिकं पडलं असेल तर बदला, कंजूषी नको.