जुन्या लॉनमोअरचे इंजिन: पाना उचलण्यापूर्वी शाफ्ट पाहा

पावसाळा सरला की कोल्हापुरातील ताराबाई पार्क, नागाळा पार्क परिसरातील जुन्या बंगल्यांत अडगळीतला पेट्रोल लॉनमोअर बाहेर निघतो, आणि खाली चिकटलेले गवत खरवडण्यासाठी तो हवा तसा आडवा पाडला जातो. त्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून दूर बांधावी आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातून शक्ती बाहेर देणारा फिरता दांडा, आडवा आहे की उभा, हे पाहावे.

एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या रीळ पद्धतीच्या यंत्रात पाती आडव्या दांड्याभोवती फिरतात. त्यामुळे अशा यंत्रांवर पुढे आडव्या शाफ्टचे इंजिन बसले आणि शक्ती चेन किंवा बेल्टने रिळाकडे नेली गेली. येथे चेनचा ताण आणि क्लच तपासला की बरेचसे काम होते.

रोटरी, म्हणजे जमिनीला समांतर फिरणाऱ्या एका पात्याच्या यंत्राचे तसे नाही. त्यात इंजिन डेकच्या, म्हणजे पाते झाकणाऱ्या पत्र्याच्या कवचाच्या वर उभ्या शाफ्टने बसवलेले असते आणि बहुतेक साध्या यंत्रांत पाते थेट शाफ्टच्या टोकालाच आवळलेले असते. रचना स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण पाते दगडावर आपटले तर धक्का थेट इंजिनात जातो. अशा वेळी फ्लायव्हीलची (शाफ्टवरच्या जड चाकाची) चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा, कातरली जाते, फ्लायव्हील किंचित सरकते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. इंजिन सुरू करायची दोरी हाताला झटका देते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो, आणि आपण मात्र कार्बोरेटरच पुन्हा पुन्हा साफ करत बसतो. फ्लायव्हील उतरवून चावी पाहावी. मूळ चावी मऊ ॲल्युमिनियमची असेल, तर उद्यमनगरातील लेथवर दहा मिनिटांत पोलादी चावी करून मिळत असली तरी ती बसवू नये. पुढच्या धक्क्याला चावीऐवजी शाफ्ट जाईल. शाफ्ट वाकला आहे का हे कळण्यासाठी प्लग काढून दोरी सावकाश ओढावी आणि पात्याचा मधला बोल्ट डगमगतो का ते पाहावे. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करू नये.

फ्लायव्हील उतरवलेच आहे, तर जुन्या इंजिनातील पॉइंटही, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्कही, पाहावेत. आपल्याकडच्या दमट हवेने ते काळे पडतात. बारीक पॉलिश पेपरने पुसून फट सुमारे ०.५ मिलिमीटर ठेवावी.

फोर-स्ट्रोक इंजिन कलते करायचे झाल्यास एअर फिल्टरची बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये शिरते. अमेरिकेत १९८२ पासून हँडल सोडल्यावर ३ सेकंदांत पाते थांबण्याचा नियम लागू झाला. त्याआधीच्या यंत्रांत बहुधा पाते असे थांबवणारा ब्रेक नसतो, म्हणून इंजिन बंद केल्यावरही पाते पूर्ण थांबेपर्यंत डेकखाली हात घालू नये.