घरात लाइटखाली टोमॅटो-मिरची लावताय? या चुका टाळा

माझी पहिली सहाच्या सहा रोपं मी स्वतः बुडवून मारली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, वर पानं मान टाकायला लागली की अजून पाणी, आणि माती तर चिखल झालेली. नंतर कळलं की माती ओली असून रोप कोमेजलंय म्हणजे मुळांना हवाच मिळत नाहीये, मुळं सडली की ती पाणी ओढू शकत नाहीत म्हणून वरून बघणाऱ्याला रोप तहानलेलं वाटतं. त्यामुळे पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, किंवा कुंडी उचलून बघा, हलकी लागली तरच द्या. दिलं की मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. मातीवर बारीक काळ्या माश्या घोंगावत असतील तर वरचा थर सतत ओला राहतोय, औषध शोधत बसू नका, आधी तो वाळू द्या.

ट्रेमधली इवलीशी रोपं बुडाशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात ना, ती पण याच ओलीची करामत, बुरशी असते ती. पडलेलं रोप काही उठत नाही, बाकीची वाचवायची असतील तर झाकण काढा, वारा लागू द्या, पाणी खालून द्या. आणि बी एखादा सेंटीमीटरच खोल टाका. टोमॅटो साधारण आठवड्यात वर येतो, मिरचीला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात, रोज उकरून बघू नका (मी बघायचो).

आता लाइट. खिडकीतल्या उजेडावर रोप लांबच लांब, दोऱ्यासारखं वाढलं की लोक खुश होतात, काय वाढतंय म्हणून, पण ते उजेड शोधत पळत असतं. लाइट जवळ आणा, दिवसाला 14 ते 16 तास पुरतो. उलट अगदी वरची पानंच पांढरट पडत असतील किंवा कडा वर वळत असतील तर लाइट फार जवळ आलाय. आणि 24 तास चालू ठेवायची हुशारी करू नका, टोमॅटोला अंधार लागतो, नाहीतर पानं पिवळी पडतात. टायमर लावा न् विसरून जा.

पिवळ्या पानांवर मात्र सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण पान पिवळं दिसलं की लगेच खत. थांबा जरा, कुठलं पान पिवळंय ते बघा. खालची जुनी पानं अख्खी पिवळी होत असतील तर नायट्रोजन कमी असू शकतो. जुन्याच पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. हेच शेंड्याच्या नव्या पानांवर दिसलं तर लोह, आणि बऱ्याचदा लोह मातीत असतंच, पण मातीचा पीएच (माती किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा) चढल्यामुळे रोपाला घेता येत नाही, 6 ते 6.8 च्या आसपास असला की बरं. पानांची टोकं तपकिरी होऊन करपलीत, मातीवर पांढरा थर आलाय, तर खत जास्त झालंय, साधं पाणी भरपूर सोडून धुवून काढा. पुढच्या वेळी पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्यानं सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणारच नाही.

झाड हिरवंगार पण फूल नाही? नायट्रोजन कमी करा. फुलं येऊन गळतायत तर खोली तपासा, दिवसा 32 अंशांच्या वर किंवा रात्रीही फार गरम असलं की टोमॅटो फुलं टाकतो. शिवाय घरात वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून दुपारी फुलांच्या दांड्याला हळूच टिचकी मारायची, पराग तिथल्या तिथे पडतो. टोमॅटोचं बूड काळं पडून सडतंय तर तो रोग नाही, कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाहीये, आणि बहुतेक वेळा कारण एकच, कधी कोरडं ठाक कधी तुडुंब. कुंडी लहान असली की हे हमखास होतं, टोमॅटोला 15-20 लिटरची तरी घ्या, मिरचीचं 10 लिटरमध्ये भागतं.

पानाखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आलाय, कोरड्या गरम हवेत फार पटकन पसरतो. ते झाड लगेच बाजूला घ्या आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, दोन-तीन दिवसांनी परत, असं चार-पाच वेळा तरी.