गाडी उन्हाळ्यात उभी करायच्या आधी

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, शेगडी आणि सिंक बसवून घेतलं, हौसेनं फिरलो. मागच्या साली जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर गाडी जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटवर लावली ती एप्रिलमध्येच उघडली. दार सरकवलं आणि वासावरूनच कळलं, आत उंदीर शिरलेत. चादरीचा पिंजून कापूस, दिव्याच्या वायरी उघड्या. म्हणून यंदाची ही यादी.

झाडून घ्या, खायचं काढा, हे सांगायला नको. पण पलंगाखालचे खण उपसा. कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून आपण तिला विसरतो, उंदीर विसरत नाही. शेंगाचटणीची प्लास्टिकची बरणीही घरी न्या.

आता सिंक. सिंकखालचं कपाट उघडा, आडवे पडा, आत बॅटरी मारा. पाइप तळातून खाली जातो तिथलं भोक कधीच पाइपाएवढं नसतं. आमच्याकडे इंचभर पाइपाला दोन इंचांचं भोक पाडलेलं. दारं-खिडक्यांची रबरं मी तासभर तपासली, इथं वाकलोच नाही! पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. नुसता फोम फवारू नका, तो कुरतडतात. स्टीलची तारेची घासणी ठासून भरा, वरून एमसील.

जागा बघून लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की रानातले उंदीर आडोसा शोधतात, त्यामुळे रानाला किंवा कडब्याच्या गंजीला लागून नको. टपाला फांदी टेकलेली नको. बाहेरून आत घेतलेली विजेची वायर काढा, तिच्यावरून चढतात. बॉनेट अधूनमधून उघडा, एसीच्या फिल्टरमागे घरटं सापडतं.

विषाच्या वड्या गाडीत नकोत. उंदीर पत्र्याआड मेला आणि वर आपलं ४२ अंशांचं ऊन, मग अख्खं पॅनेल खोलत बसा. पिंजरा लावा आणि रोज बघा. डांबरगोळ्यांवर विसंबू नका, सिंकखालचं भोक उघडं असेल तर गोळ्यांना कोण विचारतो? झुरळांना कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या, पोरांच्या हाताबाहेर.

सिलिंडर काढून ठेवा. परत जोडताना गॅसची नळी सबंध चाचपा, सांध्यांना साबणाचं पाणी लावा, आणि जराही कुरतडलेली दिसली तर नवी घाला. चिकटपट्टी गुंडाळायची नाही.

लेंड्या दिसल्या तर सुक्या झाडू नका, धूळ नाकात जाते. दारं उघडा, हातमोजे घाला, ब्लीचचं पाणी शिंपडून थोडं थांबा, मग पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा तापाचा आजार होतो.

उरलेलं: बॅटरीची वायर सोडा, पाण्याची टाकी रिकामी करा, पिंजरा लावला नसेल तरी पंधरा दिवसांनी चक्कर मारा. आणि किल्ली खिशात घालण्याआधी सिंकखाली परत एकदा वाका.