जुनी स्पोर्टी गाडी गावात ठेवताय? या चुका टाळा

ऑक्टाव्हिया आरएस, होंडा सिटी व्हीटेक, पालिओ १.६. वीसेक वर्षांपूर्वी या गाड्यांनी भल्याभल्यांना वेड लावलं होतं. आज त्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीच्या कितीतरी खाली मिळतात, म्हणून आपल्याकडची पोरं हौसेनं घेतात. आणि वर्ष-दोन वर्षांत तीच गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी दिसते, तेव्हा जीव तुटतो. कारण बहुतेकदा इंजिनात खोट नसते, घेताना खर्चाचा हिशेब चुकलेला असतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे मीटर पाहून निर्धास्त होणं. ‘साठच हजार चालली आहे’ असं विकणारा सांगतो आणि आपण खूश. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वय कळतं. आरएसचं १.८ टर्बो असो की सिटीचं १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक (इंजिन जोरात फिरू लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना), दोन्ही इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा रबरी पट्टा. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागतं. बेल्ट बदलल्याचं पक्कं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. गाडी घरी आली की आधी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते. सौदा करतानाच हे पैसे किमतीतून कमी करून मागा.

दुसरी चूक अस्सल वऱ्हाडातली. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी! पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात, जे पाणी माणसाला पिववत नाही ते आपण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला पाजतो. क्षारांचा थर आतल्या बारीक नळ्या बुजवतो आणि धातूही खातो. झाकण उघडून पाहा (इंजिन पूर्ण थंड असतानाच): पाणी विटकरी रंगाचं असेल, कडेला पांढरी पापडी धरली असेल, तर नुसतं वरून कूलंट ओतून भागणार नाही. सगळं फ्लश करा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा याच एका कामावर गाडी तगते.

तरी तापमानाचा काटा वर चढतोच? मग तो कधी चढतो ते पाहा. बाजारात हळू चालताना चढतो आणि रस्ता मोकळा होताच उतरतो, तर पंखा, त्याचा रिले किंवा स्विच तपासा. वेगात, चढावर चढत असेल तर रेडिएटर बुजलाय किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलाय. कुठेही गळती नसताना पाणी कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंय. मग गाडी चालवत नेऊ नका, टोचन करूनच न्या. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी मिस्त्री देईल, ऐकू नका. त्यानं इंजिन थंडच चालतं आणि पेट्रोल जास्त खातं.

टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून समृद्धीवर १२० नं निघू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालातला तेविसावा आठवडा. असा टायर तापलेल्या काँक्रीटवर घातक. हवाही सकाळी, टायर थंड असताना भरा. आणि टर्बो असेल तर लांब दौडीनंतर पेट्रोल पंपावर थांबताच चावी काढू नका. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, नाहीतर टर्बोतलं तेल जळून काजळी धरते.

सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी ठेवली की उंदीर वायरिंग कुरतडणारच, जागा बदला. महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो आणि त्या काळच्या रबरी नळ्याही त्यानं लवकर खराब होतात. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क आणि हरित कर वेगळा, तोही धरून चाला.

एवढं सांभाळलं की मग परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहेच. हिवाळ्यातली सकाळ, दोन्ही बाजूंना साग, आणि पाच हजार आरपीएमच्या पुढे गेल्यावर बदलणारा तो व्हीटेकचा आवाज. रस्त्याचा कण न्‌ कण स्टिअरिंगमधून हाताला कळतो. नव्या गाड्यांत हे सुख उरलेलं नाही. उतरताना मात्र सतत ब्रेकवर पाय नको, दुसऱ्या गिअरवर उतरा. पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइलला उकळी फुटली आहे. गाडी बाजूला घ्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, अर्धा तास तशीच निवू द्या, आणि गावी पोचल्यावर ते ऑइल बदला. दर दोन वर्षांनी ते तसंही बदलायचंच असतं.